चार मतं, तीन सरकारं आणि आपला एकच खिसा

पुणे महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला लागली आणि आमच्या टपालाचा नूरच पालटला. एरवी या पानावर प्रश्न येतात ते नॉमिनेशनचे, मृत्युपत्राचे, गेला बाजार सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणांचे. यावेळी मात्र महागाई, एफडी, लाडकी बहीण, मिळकतकर, बस, पाणी असं सगळं एकदमच आलंय. वाचताना एक जाणवलं की लोकांच्या मनात दिल्ली, मुंबई आणि आपली शिवाजीनगरची महापालिका असा फरकच उरलेला नाहीये, सरकार म्हणजे सरकार, राग एकच आणि तो निघणार कुणावर तर जो पहिला हात जोडून दारात येईल त्याच्यावर. उमेदवारांनाही हे बरंच पडतं, दिल्लीच्या कामाचं श्रेय घेता येतं आणि गल्लीतल्या ड्रेनेजबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून यावेळी उत्तर देताना हा पैसा नक्की कुठल्या सरकारच्या हातात आहे तेवढं सांगायचं ठरवलंय. मी काही अर्थतज्ज्ञ नाही, सहकारी बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, पेपर वाचतो आणि बजेटची पुस्तकं चाळतो इतकंच. मत कुणाला द्यायचं हे पण काही जणांनी विचारलंय, त्याचं उत्तर इथे मिळणार नाही.

प्रश्न : काका, टीव्हीवर सांगतात महागाई जवळजवळ शून्यावर आली, ०.२५ टक्के की काहीतरी. आमच्या वाण्याचं बिल तर काही कमी होत नाही, तेल आणि खोबरं विचारूच नका, मुलीच्या शाळेची फी वाढली, क्लासची वाढली, सोसायटीचा मेंटेनन्स वाढला. मग हे आकडे आणतात कुठून? का निवडणुकीपुरतं ठोकून देतात? (गृहिणी, सहकारनगर)

आकडा खोटा नाहीये ताई. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो खरंच ०.२५ टक्के होता, २०१२ ची किंमत धरून जी मालिका चालू होती तिच्यातला सगळ्यात कमी, नोव्हेंबरमध्ये ०.७१ झाला. पण हा भाव नव्हे, हा भाव वाढण्याचा दर. आणि तो मोजतात आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. ऑक्टोबर २०२४ आठवा, लसूण आणि टोमॅटो काय भावाने घेत होतो आपण, तेव्हा महागाई ६.२१ टक्के होती आणि नुसत्या खाण्यापिण्याची जवळजवळ ११. म्हणजे १०० रुपयांची पिशवी तेव्हा १०६ ची झाली आणि यंदा त्याच १०६ वर आणखी चिल्लर चढली. ते वरचे ६ रुपये तुम्हाला परत कुणी दिलेले नाहीत, म्हणून बिल तेवढंच दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे या आकड्यात खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के वजन होतं आणि शिक्षणाला साडेचार. आता तुमच्या घरात फी, क्लास, व्हॅन, प्रोजेक्टचे चार्ट पेपर धरून किती जातात ते बघा, साडेचार टक्क्यांत बसतं का? हे वजन २०११-१२ च्या सर्व्हेवरून काढलेलं, अख्ख्या देशाचं, गावं धरून. भाज्या आणि डाळी उतरल्या की देशाचा आकडा धाडकन खाली येतो, आणि सहकारनगरच्या दोन मुलांच्या घराला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या मालिकेचा पाया २०२४ चा, त्यात वजनं वेगळी.

भाजी स्वस्त झाली याचा आनंद मानताना जरा जुन्नर-खेडकडच्या कांदेवाल्याला पण विचारा, त्याला यंदा काय मिळालं ते. आपली महागाई कमी होते तेव्हा बऱ्याचदा त्याचीच कमाई कमी झालेली असते, हे बातम्यांमध्ये शेवटी कुठेतरी येतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला त्याचा फायदा मात्र खरा आहे. स्वतःच्या मेडिक्लेमच्या हप्त्यावर १८ टक्के लागायचा तो शून्य झाला, सिमेंट आणि छोट्या टू-व्हीलर २८ वरून १८ वर आल्या. तेलावर आधीपासून ५ होता तो तसाच, त्यामुळे तुमच्या वाण्याकडे त्यात काही बदल दिसणार नाही. यातलं काहीही नगरसेवकाच्या हातात नाही, तो महागाई कमी करेन म्हणाला तर चहा पाजा आणि सोडून द्या.

प्रश्न : रेपो रेट कमी झाला की माझ्या मुलाचा ईएमआय कमी होतो आणि माझं एफडीचं व्याज. म्हणजे सरकार माझ्या खिशातून काढून माझ्याच मुलाला देतंय. आम्ही सीनियर सिटिझन्सनी कुणाला जाब विचारायचा? (निवृत्त, कोथरूड)

मुलाला. निदान त्याने महिन्यातून एकदा बाहेर जेवायला तरी न्यावं.

रेपो रेट म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, आणि तो ठरवते तिचीच सहा जणांची समिती, त्यातले तीन बँकेचे आणि तीन केंद्राने नेमलेले. फेब्रुवारी २०२५ च्या आधी साडेसहा होता, डिसेंबरात सव्वापाच झाला. बँकांची एफडी त्याच्या मागोमाग उतरते. पण पोस्टाच्या सीनियर सिटिझन्स स्कीमचा दर २०२५ च्या शेवटीही ८.२ होता, एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला हातात येतं आणि एकदा पैसे ठेवले की पाच वर्षं तोच दर मिळतो, मग बाहेर काहीही होवो. हे दर सरकार दर तीन महिन्यांनी बघतं, तेव्हा ठेवायचे असतील तर रेंगाळू नका. व्याजावर टॅक्स आहे हे लक्षात असू द्या.

जाब विचारायचाच असेल तर ईपीएस-९५ वाल्यांची, म्हणजे पीएफ कापला जायचा त्या नोकरदारांची, कमीत कमी पेन्शन २०१४ पासून १००० रुपयांवरच का अडकलीये हा माझ्या मते मोठा प्रश्न आहे. पण तो खासदाराला विचारायचा. या निवडणुकीत तो खर्ची घालू नका.

प्रश्न : दादा मी तीन घरी स्वयंपाकाला जाते. लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात त्यात गॅस आणि पोराची वह्या-पुस्तकं निघतात. आमच्या गल्लीतला एक कार्यकर्ता म्हणतो आमच्या पॅनलला मत नाही दिलं तर कळतं वरती, पैसे बंद होतील. खरंय का? आणि २१०० देणार होते त्याचं काय झालं? (पर्वती पायथा)

प्रश्न : आम्ही महिन्याच्या महिन्याला टॅक्स कापून घ्यायचा आणि यांनी मतांसाठी रेवडी वाटायची, राज्य कर्जात बुडालं तरी चालेल. तुमच्यासारखे लोक यावर स्पष्ट का लिहीत नाहीत? (आयटी क्षेत्र, औंध)

ही दोन पत्रं एकाच दिवशी हातात पडली म्हणून उत्तर पण एकत्रच देतो.

ताई, आधी तुमचं. कळत नाही. कुणाला मत दिलं ते मशीन कुणालाच सांगत नाही, यादीबिदी काही वर जात नाही. पैसे राज्य सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडून तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, मधे नगरसेवक कुठेच नाही. अट आहे ती वय २१ ते ६५ आणि घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची. तुम्ही फक्त ई-केवायसी झालंय ना ते बघा, ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरली होती, पैसे अडकले तर त्याच्यामुळे अडकतील, मतामुळे नाही. आणि परत कुणी असं धमकावलं तर निवडणूक अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, एकटीने जाऊ नका, गल्लीतल्या चार जणींना घेऊन जा.

२१०० चं म्हणाल तर ते २०२४ च्या विधानसभेला महायुतीच्या जाहीरनाम्यात होतं, समोरच्या आघाडीने ३००० म्हटलं होतं. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये योजनेला ३६,००० कोटी ठेवलेत, ते पंधराशेच्याच हिशोबाने.

आता औंधचे साहेब. स्पष्टच लिहितो. राज्याचं २०२५-२६ चं बजेट ७ लाख कोटींचं, त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी, डोक्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या वर. आकडा भयानक वाटतो पण राज्यातल्या सगळ्या लोकांच्या आणि धंद्यांच्या मिळून एकूण उत्पन्नाशी (राज्याच्या जीडीपीशी) लावला तर २० टक्क्यांच्या आत आहे, बुडालं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. या सगळ्यात लाडक्या बहिणीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने १२ लाखांपर्यंत टॅक्स माफ केला तेव्हा १२ लाखवाल्याचे वर्षाला ८०,००० वाचले, केंद्राने त्यापायी साधारण १ लाख कोटी सोडून दिले. ती तिजोरी वेगळी आहे, मान्य, पण ते वाचले तेव्हा तुम्ही रेवडी म्हणालात का? तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला वर्षाचे १८,००० मिळतात, आणि ती पण साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी भरतेच की.

माझा आक्षेप वेगळाच आहे. पैसे द्यायला हरकत नाही, पण ते आणले कुठून ते बघा. २०२५ मध्ये सणासुदीला रेशनवर मिळणारा आनंदाचा शिधा बंद झाला. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला म्हणून खुद्द सरकारातल्या मंत्र्यानेच नाराजी बोलून दाखवली. ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं करत होते. म्हणजे गरिबाच्या एका डब्यातून काढून गरिबाच्याच दुसऱ्या डब्यात टाकायचे आणि वर फोटो लावायचा. यावर भांडा, मी तुमच्याबरोबर येतो. पण ते पण आमदाराशी भांडायचं आहे.

प्रश्न : बाणेरला राहतो, हिंजवडीत ऑफिस. रोज जायला सव्वा तास. उमेदवार आला होता सोसायटीत, म्हणाला निवडून आलो की पहिलं काम ट्रॅफिकचं. करेल का? आणि जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला म्हणतात, आमची हाईक मात्र चेष्टा वाटावी इतकी. (सॉफ्टवेअर इंजिनियर)

नाही करणार, कारण करता येणारच नाही. हिंजवडी पुणे महापालिकेत पण नाही आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पण नाही, तिथे अजून ग्रामपंचायत आहे. आयटी पार्क एमआयडीसीचं, माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो पीएमआरडीएची (राज्याच्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाची) खासगी कंपनीबरोबर, सिग्नलवरचा पोलीस गृहखात्याचा. लाखो माणसं जिथे रोज जातात तिथला रस्ता कुणाच्याच मतात येत नाही. तुमचा उमेदवार बाणेर-बालेवाडीतले अर्धवट सोडलेले लिंक रोड, फुटपाथ, पावसाळी गटारं एवढंच बोलू शकतो, आणि ते पण कमी नाहीये, तेवढं तरी लेखी घ्या.

जीडीपीचं असं की ८.२ हा जुलै ते सप्टेंबर २०२५ चा, महागाई वजा करून काढलेला आकडा. रुपयांत मोजला तर ८.७. एरवी या दोन्हींत चांगला तीन-चार टक्क्यांचा फरक असतो, यंदा महागाईच नाही म्हणून अर्ध्या टक्क्यावर आला. कंपनीची विक्री, तुमचा पगार, सरकारचा टॅक्स हे सगळं रुपयांत चालतं, त्यामुळे पेपरात ८.२ ची दिवाळी आणि पे-स्लिपवर काहीच नाही असं दिसतं. शिवाय तुमच्या कंपनीचं गिऱ्हाईक अमेरिकेत असणार, आपला जीडीपी त्याला काय सांगतोय.

प्रश्न : हडपसरहून वारज्याला रोज पीएमटीने जाते, खासगी दवाखान्यात कामाला आहे. महिन्याचा पास ९०० होता तो एकदम १५०० केला. बस तीच, गर्दी तीच, पंखे तसेच. आता प्रचारात म्हणतात बस आणि मेट्रो फुकट करू. आधी ६०० वाढवायचे आणि मग फुकट म्हणायचं, हे काय गौडबंगाल आहे? (नोकरदार महिला)

या वेळच्या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दरवाढ १ जून २०२५ पासून झाली. कमीत कमी तिकीट ५ चं १०, दिवसाचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा १५००. आधी पीएमपीची (तुम्ही पीएमटी म्हणता त्या बस कंपनीची) बाजू सांगतो, माझ्याकडून अन्याय नको. त्याआधीची दरवाढ २०१४ ची होती, मधल्या काळात सीएनजी, पगार, सुटे भाग सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि जो तोटा येतो तो पुणे महापालिका ६० आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा भरते. म्हणजे तुम्ही तिकिटातून नाही दिले तर मिळकतकरातून कुणीतरी देतंच. सार्वजनिक बस नफ्यात चालावी असं मी मानत नाही, जगात फारशी कुठे चालत नाही, पण अकरा वर्षं काहीच नाही आणि मग एका दिवसात ६०० रुपये, हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे. दर वर्षी थोडी थोडी वाढ केली असती तर तुम्ही कुरकुर केली असती आणि भरले असते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पीएमपीच्या संचालक मंडळात दोन्ही शहरांचे महापौर असतात, दोन्ही स्थायी समित्यांचे अध्यक्ष असतात. मार्च २०२२ ला दोन्ही महापालिकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला, आणि तेव्हापासून या खुर्च्या रिकाम्या. तुमच्या पासावर ६०० रुपये चढले तेव्हा त्या टेबलाभोवती लोकांनी निवडून दिलेला एकही महापौर किंवा अध्यक्ष नव्हता. असते तर त्यांनी वाढ रोखलीच असती असं मी म्हणत नाही, पण निवडणुकीच्या भीतीने का होईना कुणीतरी टेबलावर हात आपटला असता, बायका मोर्चा घेऊन कुणाच्या तरी घरी गेल्या असत्या, ६०० चे ३०० झाले असते. अधिकाऱ्याच्या घरी मोर्चा कोण नेणार, त्याची तर सहा महिन्यांत बदली होते.

महापालिकेतही तेच. घटनेत लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. इथे पावणेचार वर्षं आयुक्तच प्रशासक, तेच प्रस्ताव मांडणार, स्थायी समिती म्हणून तेच मंजूर करणार आणि मुख्य सभा म्हणून परत तेच. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट १२,६१८ कोटींचं, तोवरचं सगळ्यात मोठं, आणि त्यावर एका निवडून आलेल्या माणसाने एक शब्द बोललेला नाही. शेवटी कोर्टानेच ३१ जानेवारीच्या आत घ्या म्हणून बजावलं तेव्हा कुठे ही निवडणूक लागली.

मला ठाऊक आहे, कट्ट्यावर लोक म्हणतात, नगरसेवक नव्हते तर काय बिघडलं, उलट फ्लेक्स कमी झाले. नगरसेवकांचा 'स' यादीतला, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा, खर्च मीही बघितलाय, बाकडी, कापडी पिशव्या, एकाच गल्लीला तीन कमानी. त्याचा मला राग आहेच. पण बाकड्यांवर नाव तरी असायचं, कुणी उधळले ते कळायचं. आता कोट्यवधींची टेंडरं निघतात आणि विचारायला गेलं तर क्लार्क सांगतो साहेब मीटिंगमध्ये आहेत.

फुकट प्रवासाचं थोडक्यात सांगतो. मेट्रो महामेट्रोची, ती केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी कंपनी, महापालिकेच्या सभेत ठराव करून तिचं तिकीट माफ होत नाही. बसचं होऊ शकतं, पण दोन्ही महापालिकांनी तोटा उचलायचं कबूल केलं तर. तुमच्याकडे आले की एवढंच विचारा, दर वर्षी किती लागणार आणि बजेटमधलं काय कमी करणार. आणि फुकट नको, बसची संख्या वाढवा असं म्हणायची सोय आहे का ते पण विचारा. मला वाटतं तुम्ही पासाचे १५०० रुपये वाचवण्यापेक्षा वेळेवर येणारी बस जास्त पसंत कराल, पण ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : आमचं किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत घेतलं. ग्रामपंचायत बरखास्त झाली, सरपंच गेला, नगरसेवक आलाच नाही. पाण्याला टँकर. कर मात्र शहराचा लावला, मग त्याला स्थगिती आली. आम्ही नक्की कुठले? (रहिवासी)

तुमच्याएवढा अन्याय या शहरात दुसऱ्या कुणावर झाला असेल असं मला वाटत नाही. ३० जून २०२१ ला २३ गावं आत घेतली, त्याआधी २०१७ ला ११. आधीच्या ११ गावांना २०१९ ला निदान पोटनिवडणूक मिळाली, तुम्हाला तीही नाही. साडेचार वर्षं तुमच्याकडे ना सरपंच ना नगरसेवक, म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असा हक्काचा माणूसच नाही. त्याचे परिणाम आपण जानेवारी २०२५ मध्ये बघितले. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, आकडा दोनशेच्या आसपास गेला, दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि मग एकदम क्लोरीन, टेस्टिंग, मंत्र्यांचे दौरे. पाण्याची लाईन नीट नाही हे तुमच्या गावात त्याआधी काय कुणाला माहीत नव्हतं?

कराच्या स्थगितीवर मात्र तुम्हाला न आवडणारं सांगतो. ती राज्य सरकारने दिली, तुम्हाला दिलासा वाटला, साहजिक आहे, जे मिळतच नाही त्याचे पैसे कोण देईल. पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे. आणि पालिकेला आयतं कारण मिळतं की गावांतून उत्पन्नच नाही तर पाईप कुठून टाकू. त्यामुळे येईल त्या उमेदवाराला 'कर माफ करणार का' हे विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारायचं ते हे की आमच्या भागाच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या कामाला बजेटमध्ये कुठल्या हेडखाली किती रक्कम आहे, काम कधी संपणार आणि तोपर्यंत कराचा दर काय. रक्कम सांगता आली नाही तर त्याने बजेट उघडलेलं नाही असं समजा.

समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी पालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले होते, ७.५९ टक्क्यांनी, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून, मोठा कार्यक्रम झाला होता. रोखे दहा वर्षांचे, म्हणजे २०२७ ला ते फेडायची वेळ येईल तेव्हा आता निवडून येणारेच तिथे बसलेले असतील. चोवीस तास पाणी अजून बहुतेक पुण्याला आलेलं नाही, तुमच्याकडे तर तासभर आलं तरी खूप. हा प्रश्न सगळ्या प्रभागांत चालतो, कुणीही उसना घ्यावा.

प्रश्न : दर वर्षी मे महिन्यात मिळकतकर भरणारा मूर्ख मी. आता थकबाकीदारांना दंडात ७५ टक्के माफी. पुढच्या वर्षीपासून मी पण भरणार नाही, चालेल ना? (शनिवार पेठ)

चालणार नाही, महिन्याला २ टक्के दंड लागतो, आणि पुढची अशी दंडमाफीची (अभय) योजना तुमच्या सोयीने येईल याची गॅरंटी नाही. पण तुमचा संताप रास्त आहे. मे अखेर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट आणि वर्षानुवर्षं बुडवणाऱ्याला दंडाच्या ७५ टक्के, हे गणित शाळेतल्या पोराला पण पटणार नाही. योजना १५ नोव्हेंबर २०२५ ला चालू झाली आणि शेवटची तारीख ठरवली १५ जानेवारी, म्हणजे नेमका मतदानाचा दिवस. मी फक्त तारीख सांगतोय.

पेठेतल्यांना ४० टक्के सवलतीचं वेगळं सांगायला नको. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला १९७० पासून मिळत होती, २०१९ पासून काढली, वाढीव बिलं आली, २०२३ मध्ये परत दिली. ती काढायचा आणि द्यायचा निर्णय दोन्ही वेळा मुंबईत झाला. एके काळी जकात ही पालिकेची स्वतःची कमाई होती, २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेव्हापासून राज्याकडून अनुदान येतं, दर वर्षी ८ टक्के वाढवून. मिळकतकर हा त्यातल्या त्यात पालिकेच्या हातात उरलेला कर, तो पण असा दर निवडणुकीला माफीच्या टोपलीत घालतात. ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईसारखी माफी देऊ म्हणणारे पण येतील, ती पण एकट्या पालिकेला देता येत नाही, राज्य लागतं.

प्रश्न : सर, धाराशिव जिल्ह्यातून एमपीएससीसाठी आलोय, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. इथे मत देता येईल का? (विद्यार्थी)

इथल्या यादीत नाव नसेल तर यावेळी नाही. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरलीये, आता नाव घालून उपयोग नाही. पुढच्यासाठी फॉर्म ८ भरून पत्ता बदलता येतो, पण घाई करू नका, तुमच्याकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुका पण असतात, तिथे मत द्यायचं का इथे ते आधी ठरवा. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे, हे तुम्हाला परीक्षेतही विचारतील.

प्रश्न : चार उमेदवारांना मत द्यायचं म्हणतात. मला एकच माणूस पसंत आहे. एकच बटण दाबून बाहेर आलं तर? आणि आमचे हे म्हणतात चारही एकाच पक्षाची दाबायची. (आजी, कसबा पेठ)

आजी, चारही दाबायला लागतात. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत, प्रत्येकीला एक मत, एका प्रभागात तर पाच जागा आहेत. एकूण ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. सगळी बटणं दाबल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही आणि तुमचं मतदान पूर्ण होत नाही. ज्या जागेवर कुणीच पसंत नाही तिथे नोटा दाबा. एकाला एका पक्षाचं, दुसऱ्याला दुसऱ्या पक्षाचं, तिसऱ्याला अपक्षाचं असं चालतं, काही बंधन नाही. आजोबांनी त्यांची चार दाबावीत, तुमची तुम्ही दाबा, आतमध्ये एका वेळी एकच जण जातो. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, चष्मा घेऊन जा आणि शक्यतो दहाच्या आत जा.